बिजाचा पळस

समस्त नागरिकांस, माताभगिनींस आणि ज्यांना आत्ता वाचायला अजिबात सवड नाही अशा मान्यवरांस जाहीर कळवण्यात येते की माझ्या विळ्याची मूठ निखळली आहे. सर्वांनी जागच्या जागी उभे राहावे. टोपी असल्यास काढावी. रडायचे असल्यास रांगेने यावे, ढकलाढकली करू नये.

हसलात ना? हसा. आमच्या यजमानांनाही हसूच आलं होतं. देवरीच्या बाजारात आमचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. मागे हातभर परस आहे. त्या परसातला शेवगा छाटताना विळ्याचं पातं वालाच्या वेलात जाऊन पडलं आणि माझ्या हातात नुसती मूठ राहिली. यजमान गल्ल्यावरूनच म्हणाले, "फेक दे ना. प्लास्टिकच्या मुठीचे मिळतात आता, मस्त."

फेक दे! लग्नात मला कपाट मिळालं, भांडी मिळाली, आणि हा विळा मायने कोणालाही न दाखवता नव्या पातळात गुंडाळून दिला. सासरी पहिल्या दिवशी मी ते पातळ झटकलं तर विळा टण्णकन फरशीवर, सासूबाईंच्या पायाशी. त्यानंतर त्या माझ्याशी जन्मभर सांभाळून बोलल्या. असा गुणाचा विळा कोणी फेकतं का?

मी मुठीच्या भोकात डोकावले. तळाशी काळपट तांबडा एक खडा चिकटलेला होता. सहज म्हणून गॅसच्या ज्योतीवर मूठ धरली, आणि तो खडा पाघळला, आणि वास आला. जळक्या गुळाचा वास, त्यात किंचित जळक्या केसांचा, त्यात पळसाच्या ओल्या सालीचा. मी स्वयंपाकघरात उभी होते ती थेट आमच्या ओसरीवर जाऊन बसले. बाबा विळ्याचं शेपूट निखाऱ्यात लाल करताहेत, मुठीच्या भोकात लाखेचा चुरा भरताहेत, शेपूट आत खुपसताहेत. चर्र. धूर. "हात नोको लावू, पोट्टे, चटका बसन." आणि मी हात लावलाच आहे.

आमच्याकडची प्रत्येक मूठ लाखेने बसायची. देवरीच्या बाजारात मी दोन दिवस लाख मागत फिरले. कोणी गोंद दाखवला, कोणी दोन नळ्यांतला चिकटा कालवून लावा म्हणाला. गंमत पाहा, लाखेच्या बांगड्या मी स्वतः विकते. त्या फार लांबून येतात, आणि त्यांच्या पोटात काय असतं ते देव जाणे. शेवटी मी गल्ला यजमानांच्या स्वाधीन केला, विळ्याचे दोन्ही तुकडे पिशवीत टाकले आणि माहेरची वाट धरली.

माझं माहेर सालेकशाच्या बाजूला. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला रेल्वेची लाईन आणि मधे धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे धानाचं चौकोनी शेत, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं. त्या धुऱ्यांवर पळस असायचे. कोणी लावलेले नव्हते. ते तिथेच होते, आणि कोणी तोडत नव्हतं. गाडी वळणावर आली की फाल्गुनात डब्यातली परकी माणसं खिडकीकडे धावायची, एवढा लाल जाळ दिसायचा. त्यांना वाटायचं ही फुलं. फुलं होतीच. पण आमचं खरं पीक फांदीवर असायचं, फुलं झडली तरी.

लाखेचा किडा तुम्ही पाहिला नसेल. दिसतच नाही तो. दिवाळीच्या आगेमागे बीज बांधायचं, आणि आषाढात पुन्हा. बीज म्हणजे पिकलेल्या लाखेने मढलेल्या काड्या. त्यांच्या जुड्या पळसाच्या कोवळ्या फांद्यांना बांधायच्या, आणि बांधायचा दोरही पळसाच्याच मुळांचा, कुटून वळलेला. दोन-चार दिवसांनी त्या काड्यांतून लाल धूळ निघायची. कुंकू सांडल्यासारखी. आणि ते कुंकू चालायला लागायचं. फांदीवरून वर, वर, कोवळ्या सालीपर्यंत. मी नाक लावून पाहायची आणि माय पाठीत धपाटा घालायची, "श्वास नोको सोडू त्यायच्यावर. उडून जातीन अन् मरतीन."

बीज बांधायच्या दिवशी शिवी द्यायची नाही, असा आमच्याकडे नेम होता. सगळं गाव त्या दिवशी कीर्तनकार व्हायचं. बाबांना बैलांशी शिवीशिवाय बोलता येत नसे. ते त्या दिवशी बैलांना जावयासारखं वागवत. "चला बाप्पा. या इकडून. थकले का?" बैल गोंधळून जागीच थांबायचे. बायका झाडाखाली ओठ दाबून हसायच्या. संध्याकाळी शेवटची जुडी बांधून झाली की दिवसभर साठलेलं सगळं गाव एकदम मोकळं व्हायचं. ते ऐकून जंगलातले मोरही गप्प बसत असावेत.

थंडीत त्या फांद्यांवर राळेचा थर चढत जायचा. झाडाखालून जाताना अंगावर बारीक चिकट शिंतोडे पडायचे, गोड. पानं काळी पडायची, मुंग्यांच्या रांगा लागायच्या, मधमाश्यांचा गुंजारव दुपारभर. आम्ही पानं चाटायचो. आणि आषाढात, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकून रोवणीची वाट पाहण्याच्या दिवसांत, लाख उतरायची. अंगणात बायका गोल बसून विळ्याने काड्या खरवडायच्या. करकर, करकर. बोलण्याच्या आवाजापेक्षा तो आवाज मोठा असायचा, म्हणून सगळ्या ओरडून बोलायच्या, म्हणून कोणाच्या घरातलं काहीच गुपित राहायचं नाही. हात आठ-आठ दिवस लाल. शाळेत बाईंनी मला हात धुवायला पाठवलं, मी धुतले, बादली लाल झाली, बाई घाबरून खुर्चीत बसल्या. मी काहीच सांगितलं नाही. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

ताज्या लाखेच्या थरात नख रुतवायचं. किडा जिवंत असेल तर नखाला लाल ओल लागते. मेलेला असेल तर कोरडा भुगा. मोठी माणसं बिजाची परीक्षा अशी घेत. आम्ही मुली त्या ओलीची टिकली लावून घ्यायचो. आज मी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या टिकल्या विकते. बऱ्या असतात. पावसात पडतात.

आणि बोडीवरचा पळस. बोडी म्हणजे आमच्या बांध्यांच्या वरचं लहान तळं. तिच्या पाळीवर एक म्हातारा पळस पाण्यावर वाकून उभा होता. उन्हाळ्यात सगळीकडे पानं करपायची, पण त्याच्या पाण्याकडच्या फांद्यांवर हात ठेवला तर थंड लागायच्या. तो बिजाचा पळस. सगळ्या झाडांची लाख उतरली तरी त्याची उतरवायची नाही. सगळीकडचा किडा उन्हाने मेला तरी त्याच्यावरचा जगायचा, आणि त्याच्यावरून पुन्हा सगळं गाव भरायचं. दुसऱ्या गावाचं बीज मेलं तर तिथली माणसं नारळ घेऊन यायची. नारळ पळसाच्या बुडाशी ठेवायची. मग त्यांना ओल्या धोतरात गुंडाळून काड्या द्यायच्या. मोजायच्या नाहीत, मोबदला घ्यायचा नाही. "बिजाले नाई म्हनाचं नाई," माय सांगायची, "नाई म्हनलं का झाड रुसते." नाल्यापलीकडच्या गावाचा असाच एक बिजाचा पळस होता. आमचं मेलं तर त्यांच्याकडून, त्यांचं मेलं तर आमच्याकडून.

तर मी पोचले. रस्त्याच्या वळणावर मी सवयीने धुऱ्यांकडे पाहिलं आणि मला वाटलं आपण भलत्याच गावात उतरलो. अर्ध्या धुऱ्यांवर नुसती खुंटं. भुईसपाट, वर करवतीचे गोल. शेजारच्या बांध्यांत धुरेच उरले नव्हते, दोन-दोन बांध्या एक केलेल्या. हार्वेस्टर फिरायला जागा लागते. आषाढ लागला तरी पाऊस आलाच नव्हता, पऱ्हे पिवळे पडत होते, आणि दुपारी कुठे उभं राहावं म्हटलं तर सावली नव्हती.

दादा ओसरीवर बसला होता. माझा थोरला भाऊ. त्याचं तोंड बाबांचं आहे, दोन्ही अर्थांनी.

"काऊन वो बाई, अचानक? तुया नवऱ्यानं हाकलून देल्लं का?"

"इळ्याची मूठ निंगाली, दादा."

त्याने माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. मग घरात ओरडला, "अवो शकुन! आपली बाई देवरीहून इळा दाखवाले आली! चाय ठेव, अन् डाक्तरले फोन कर!"

शकुन वहिनी बाहेर आली ती उन्हाने इतकी काळवंडली होती की मी चटकन ओळखलं नाही. वहिनी कमी बोलते. आमच्या घरात कोणीतरी तसं असायला हवंच होतं. तिने विळ्याचे तुकडे हातात घेतले, मुठीत डोकावली आणि म्हणाली, "लाख पायजे. चला बाई, आमी आत्ता बीज पाहालेच जाऊन राहिलो."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. लाख? गावात?

मग चहा पिताना कळलं. वहिनीचं माहेर छत्तीसगडात, सीमेपलीकडे. तिथल्या जंगलात अजून लाख आहे. गेल्या दिवाळीत तिने तिकडून बीज आणलं आणि आपल्या धुऱ्यावरच्या उरल्यासुरल्या पळसांना बांधलं. त्याआधी सगळी झाडं तिने स्वतः छाटली होती, कोवळ्या फांद्या फुटाव्यात म्हणून. तिच्या बचत गटातल्या बायांनी तिचं पाहून आपापल्या नवऱ्यांचे हात धरले. आषाढापर्यंत थांबा म्हणाल्या. शकुनचं बीज जगलं तर आपल्या झाडांना बांधू, मग झाडंच कमाई देतील. नाही जगलं तर तोडा. दादानेही तेवढंच कबूल केलं होतं. करवतवाला त्याने ठरवूनच ठेवला होता.

"हिच्या किड्यायच्या भरवशावर सारी बांधी अडकून पडली," दादा मला सांगत होता, पण तोंड वहिनीकडे. "बाकीच्यायच्या बांध्यांत यंदा हार्वेस्टर फिरन, अन् आमी किडे पाळून राहिलो. मानसं कोंबड्या पाळतेत, बकऱ्या पाळतेत. हिनं किडे पाळले. त्यायले चारा नाई, पानी नाई, नावं बी ठेवता येत नाई!"

"उन्हाळा लय झाला यंदा," वहिनी म्हणाली. एवढंच.

आम्ही तिघं निघालो. पहिल्या पळसाशी वहिनी थांबली, फांदी खाली ओढली, लाखेच्या थरावर अंगठ्याचं नख दाबलं. भुगा. करडा, कोरडा. तिने तो फुंकरून टाकला. दुसरी फांदी. भुगा. दुसरं झाड. मीही दाबू लागले, तेच नख, तीच जागा, लहानपणी किती सहज जमायचं हे. फांद्यांची उन्हाकडची बाजू तर हात लावताच पापुद्र्यासारखी सुटत होती. धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही चालत गेलो आणि एकाही ठिकाणी नख ओलं झालं नाही. दादा मागून येत होता. पहिल्या काही झाडांना तो काहीबाही बोलत होता. मग गप्प झाला. दादाला गप्प झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे, आणि त्यातलं एकही चांगलं आठवत नाही.

शेवटच्या झाडाशी वहिनी खाली बसली. रडली वगैरे नाही. पदराने नख पुसलं. पुसायला त्याच्यावर काही नव्हतंच.

मग दादाने मेलेल्या लाखेचा एक थर फांदीवरून ओरबाडला, दगडावर कुटला. काटक्या गोळा केल्या, आग पेटवली, माझ्या पिशवीतून विळा काढला. शेपूट लाल केलं. भुगा मुठीत भरला. चर्र. धूर. "घे," तो म्हणाला, "यवढ्यासाठी तरी कामी आले." विळा माझ्या हातात देताना त्याने वहिनीकडे पाहिलं नाही.

मूठ घट्ट बसली. तो वास धुऱ्यावर पसरला, जसाच्या तसा. मेलेल्या लाखेलाही तोच वास येतो. आणि मला तो नाला आठवला.

एका उन्हाळ्यात गावात लाखेला फार मागणी आली. फार म्हणजे फार. कशाला, कुठून, ते मला कधी कळलं नाही. मला एवढंच आठवतं की आषाढ यायच्या कितीतरी आधी, वैशाखाच्या भर उन्हात, कच्चीच लाख उतरायला सुरुवात झाली. अंगणात करकर करकर, आणि बायका त्या वर्षी बोलत नव्हत्या. एका दुपारी बोडीवरच्या पळसावर चढलेली माणसं मी पाहिली. म्हातारा पळस थोटा झाला. खाली पाण्यात लाल तवंग. मी मायला विचारलं, "माय, थो तं बिजाचा हाय ना?" माय म्हणाली, "नाल्यापलीकडं हाय बीज. त्यायच्याकडून आनू. थे नाई म्हननार नाई."

आषाढ आला, दणकून पाऊस आला. बाबांनी अंघोळ केली, नवा गमछा घेतला, नारळाला हळदकुंकू लावलं. गावची चार माणसं बरोबर. मी होतेच, मी सगळीकडे असायची, मला घरी ठेवणं बरोबर नेण्यापेक्षा अवघड होतं. दादाही होता, मिसरूड फुटायच्या वयाचा. बाबा वाटेत विनोद करत होते. नाल्याला पाणी होतं, गढूळ, गुडघ्याच्या वर. आम्ही काठावर पोचलो तर पलीकडच्या काठावर माणसं उभी. धुतलेली धोतरं. पुढे फागूकाका, त्या गावचे, बाबांचे जिगरी. त्यांच्या हातात नारळ. हळदकुंकू लावलेला.

बाबा ओरडले, "फागू! कोठी चालला गा, एवढा नटून?"

"तुमच्याच गावी!" पलीकडून आवाज आला. "अन् तुमी?"

बाबांनी हातातला नारळ वर उचलून दाखवला.

फागूकाकांनी त्यांचा नारळ वर उचलला.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, दोन्ही काठांवर, पोट धरून. खरंच, इतकं मजेदार मी आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही. दोन नटलेली वऱ्हाडं, दोन नारळ, मधे नाला, आणि नवरी कोणाच्याच घरी नाही. हसू हळूहळू विरलं. पाण्याचा आवाज येऊ लागला. बाबा नाल्यात उतरले, फागूकाकाही उतरले. मधल्या काळ्या दगडावर दोघांनी दोन्ही नारळ फोडले आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. दोन्ही गावांची माणसं नाल्याच्या कडेला ओल्या दगडांवर बसून खोबरं चावत होती. मला दोन तुकडे मिळाले म्हणून मी खूश होते. ते खोबरं गोड होतं.

पुढच्या फाल्गुनात पळस फुलले. त्याच्या पुढच्याही. फांद्यांवर मात्र पुन्हा काही चढलं नाही. अंगणातली करकर बंद झाली आणि बायका हळू बोलू लागल्या. पळसाला काही काम उरलं नाही. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की झाड धुऱ्यावर आडवं येतं.

"बोडीवरचा राहिला," वहिनी म्हणाली आणि उठली.

बोडीत पाणी म्हणावं असं काही नव्हतं. मधे हिरवट डबकं, भोवती भेगाळलेला गाळ. म्हातारा पळस मात्र होता. थोट्या खोडातून नव्या फांद्या फुटून तो पुन्हा पाण्याच्या बाजूला वाकलेला, पाणी सरकून दूर गेलं तरी. वहिनीने सांगितलं, की उन्हाळाभर ती रोज संध्याकाळी डबक्यातलं पाणी घागरीने आणून त्याच्या बुडाशी ओतत होती. दादा एकदम म्हणाला, "मले तं म्हने, म्हशीले पाजाले जातो!"

"म्हैस बी पेतच होती," वहिनी म्हणाली.

वरच्या फांद्यांवर भुगा. मधल्या फांद्यांवर भुगा. वहिनी गाळात उतरली, पाण्यावर वाकलेल्या सगळ्यांत खालच्या फांदीच्या पोटाकडून तिने हात फिरवला, सावलीच्या बाजूने. नख दाबलं. हात तसाच ठेवला. मला वाटलं झालं, संपलं.

तिने हात बाहेर काढला. नख लाल होतं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण पलीकडच्या बांधीतले बगळे उडाले. दादा बुटासकट गाळात. त्याने स्वतः नख दाबलं, अंगठा डोळ्यांजवळ नेला, पुन्हा दाबायला गेला तसा वहिनीने त्याचा हात धरला. "मारता काय आता सारे?" ती एकच फांदी होती. तिच्या पोटाकडचा वीतभर पट्टा जिवंत. वहिनीने माझा विळा मागितला, नुकत्या बसवलेल्या मुठीचा, आणि एवढी एक काडी, बोटभर जाड, कापून घेतली. बाकी फांदीवर तशीच ठेवली. कापलेली काडी तिने पदराच्या ओल्या टोकात गुंडाळली. एका झाडाला पुरेल एवढं बीज. तेही झाड लहान असेल तर. गटातल्या सगळ्या बायांना काय सांगायचं, त्यांच्या धुऱ्यांवरच्या पळसांचं काय, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. ती मनातल्या मनात झाडं निवडत होती. कोणाची राहतील, कोणाची जातील.

"कोनत्या झाडाले बांधाचं?" दादाने विचारलं. आवाज इतका हळू की मला शंका आली हा आपलाच भाऊ का.

"त्या आंब्याच्या बुडातल्या. सावली हाय तेथी."

"बांधून टाक मंग. उशीर नोको करू."

आम्ही पाळीवरून वर आलो, तर बांधीतून कोणी येत होतं. पुढे एक म्हातारा, हळू, काठी टेकत. मागे दोन तरुण माणसं. म्हाताऱ्याचं धोतर पांढरंशुभ्र धुतलेलं. फागूकाका. मी त्यांना बाबांच्या दहाव्यानंतर पाहिलं नव्हतं. बायांच्या गटातून नाल्यापलीकडे बातमी गेली होती, शकुनने बीज आणलं, बोडीवरच्या पळसालाही बांधलं. तिकडेही काही पळस उरले होते.

त्यांनी मला ओळखलं. "पोट्टी का तू? त्या दिवशी दोन तुकडे खाल्ले होते तूनं." मी पायाला हात लावला. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. हळदकुंकू लावलेला. ते वाकले. वाकायला त्यांना वेळ लागला, मागचा पोरगा धरायला पुढे झाला, त्यांनी त्याला हाताने मागे सारलं. नारळ त्यांनी पळसाच्या बुडाशी, वहिनीने ओतलेल्या पाण्याने अजून ओल्या असलेल्या मातीत ठेवला. आणि उभे राहिले. मागितलं काहीच नाही. मागायचं नसतंच.

वहिनीचा हात पदराच्या गाठीवर गेला. मला माहीत आहे ती काय करणार होती. ती अर्धी काडी मोडून देणार होती. आमच्याकडे तेवढंच करता येतं, बाकी काही शिकवलेलंच नाही. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि पुढचा उन्हाळा दोन्हीकडचं सारखंच मारणार. ती गाठ सोडू लागली. फागूकाकांनी गमछा पसरला. मी दुसरीकडे बघायला लागले, नाल्याच्या दिशेला. तिकडून गाडीची शिटी आली आणि बराच वेळ येत राहिली.

आणि दादा, ज्याने करवतवाला ठरवून ठेवला होता, ज्याने वर्षभर किड्यांची टर उडवली, ज्याने त्या नाल्यावर खोबरं खाल्लं होतं, तो गाळाने भरलेल्या बुटांनी दोघांच्या मधे येऊन उभा राहिला, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर, बाबांच्या जिगरी दोस्ताच्या तोंडावर, ओरडला,

"नाई देत! नारळ उचला, काका! आमचं बीज हाय थे!"